श्वास मुलीचा, खटला कुत्र्यावर

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. रात्रीचे दोन वाजले असतील. धाकटी उशीला टेकून बसली होती आणि तिच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता. मी तिची पाठ चोळत होते. जरा बरं वाटल्यावर तिने मला विचारलं, "अम्मी, मोतीमुळे आपल्या घरात फरिश्ते येत नाहीत, म्हणून मला श्वास येत नाही का?"

मी उर्दू शाळेत मराठी शिकवते. मुलांच्या अवघड प्रश्नांची मला सवय आहे. या प्रश्नाला मात्र उत्तर सुचलं नाही. अकरा वर्षांच्या पोरीने हा विचार स्वतःहून केलेला नव्हता. घरातल्या मोठ्यांच्या बोलण्यातून तो तिच्या कानावर पडला होता. ते बोलणं ऐकून मी गप्प बसले होते, म्हणजे त्यात माझाही वाटा होता. त्या रात्री तिला जे सांगता आलं नाही, ते आज इथे लिहिते आहे.

मोती आमचा कुत्रा. शाळेमागच्या पत्र्याखाली एका कुत्रीने चार पिल्लं घातली होती. दोन दिवसांच्या मुसळधार पावसानंतर एकच उरलं. धाकटी ते दप्तरात घालून घरी घेऊन आली. मराठीच्या पुस्तकातला कुत्रा बहुतेक मोतीच असतो, म्हणून हाही मोती. तांबूस रंगाचा, गावठी, एक कान उभा आणि एक पडलेला. मी अटी घातल्या. तो अंगणातच राहील, त्याचं भांडं वेगळं, त्याला हात लावला की साबणाने हात धुवायचे. रेबीजची लस टोचून घेतली. सासूबाई नाराज होत्या, पण राखण तरी करेल म्हणून बोलल्या नाहीत.

पहिलं वर्ष बरं गेलं. मग थंडी पडली तसा मोती अंगणातून ओट्यावर आला, ओट्यावरून ओसरीत आला, आणि एके दिवशी पाहते तर धाकटीच्या खाटेखाली झोपलेला. मी रागावले, पण हाकललं नाही. त्याच महिन्यात तिचा खोकला सुरू झाला.

नंदुरबारात हिवाळ्यात मूल खोकलं तर कोणाला नवल वाटत नाही. मिरचीचा हंगाम असतो. शहराबाहेरच्या पथाऱ्यांवर लाल मिरची वाळत पडलेली असते. लांबून बघितलं तर जमिनीवर लाल सतरंजी अंथरल्यासारखं दिसतं. वारा फिरला की ठसका थेट घरात येतो. पथारीवर देठ खुडणाऱ्या बायका तोंडाला फडकं बांधून दिवस काढतात. आम्हीही म्हटलं, मिरचीचा ठसका आहे, जाईल. मेडिकलवरून खोकल्याच्या औषधाची बाटली आणली. ती संपली, दुसरी आणली.

खोकला गेला नाही, उलट रात्री वाढू लागला. मग प्रत्येकाने आपापला आरोपी शोधला. शेजारीण म्हणाली, नजर लागली आहे. शाळेतल्या एका सरांनी मिरचीवरच बोट ठेवलं. कोणी म्हणालं दही बंद करा, कोणी म्हणालं केळी बंद करा. सासूबाईंचं मत ठरलेलं होतं. ज्या घरात कुत्रा असतो तिथे रहमतचे फरिश्ते येत नाहीत, आम्ही पहिल्या दिवसापासून सांगत होतो, आता भोगा. हे त्या धाकटीसमोर बोलल्या. त्यांच्या मनात वाईट नव्हतं, नातीची काळजीच होती. पण पोरीने त्याचा अर्थ एवढाच घेतला की माझा आजार ही शिक्षा आहे आणि ती मीच घरात आणली.

आता शांतपणे विचार करते तेव्हा दिसतं की त्या एका महिन्यात आमच्या घरात चार गोष्टी एकदम घडल्या होत्या. मिरचीचा हंगाम सुरू झाला. मोती आत झोपू लागला. ट्रंकेतल्या वर्षभर बंद असलेल्या गोधड्या आणि रजया बाहेर निघाल्या. थंडीमुळे खिडक्या बंद झाल्या, आणि त्या बंद घरात दर गुरुवारी संध्याकाळी लोबानचा धूर फिरत राहिला. लोबानवर कोणी संशय घेतला नाही. तो पाक आहे ना! दम्याच्या मुलाची छाती मात्र धूर पाक की नापाक ते बघत नाही. तिला धूर म्हणजे धूर, मग तो चुलीचा असो, बिडीचा असो की लोबानचा.

मधे आठ दिवस मालेगावला माहेरी जाऊन आलो. तिथे खोकला कमी झाला, पण थांबला नाही. सासूबाई म्हणाल्या, बघ, कुत्रा नव्हता म्हणून बरं वाटलं. सर म्हणाले, बघा, मिरची नव्हती म्हणून बरं वाटलं. दोघांचंही बरोबर असू शकत होतं. अशाने काहीच सिद्ध होत नाही, एवढं बीएड झालेल्या बाईला कळायला हवं होतं.

इथेच एका डॉक्टरांनी तिची छाती तपासून सांगितलं की हा दम्याचा त्रास दिसतो, आणि पंप लिहून दिला. तो पंप मी आणला आणि तीन आठवडे कपाटात ठेवून दिला. खोटं कशाला बोलू? मला भीती वाटली. पंपाची सवय लागते, पंप म्हणजे शेवटचा उपाय, मुलीची जात आहे, उद्या स्थळं येतील तेव्हा लोक काय म्हणतील, हे सगळं माझ्याही डोक्यात होतं. मोतीला दोष देणाऱ्या सासूबाईंपेक्षा मी जास्त चुकले होते. त्यांनी चुकीचं कारण सांगितलं, मी बरोबर औषध लपवलं.

त्या रात्रीनंतर आम्ही सुरतला गेलो. आपल्याकडच्या अनेक घरांना ही वाट पाठ आहे. सकाळची गाडी, डब्यात भाकरी-चटणी, मांडीवर फायलींची पिशवी. तिथल्या छातीच्या डॉक्टरांनी आधी अर्धा तास नुसते प्रश्न विचारले. खोकला कधी वाढतो, झोपताना की पहाटे? झाडताना शिंका येतात का? कुत्र्याला कुरवाळल्यावर डोळे खाजतात का? पळाल्यावर छाती भरते का? मग ॲलर्जीची चाचणी केली. हाताच्या आतल्या बाजूला वेगवेगळ्या द्रवांचे थेंब ठेवतात, प्रत्येक थेंबातून कातडीला बारीक टोचा देतात आणि पंधरा-वीस मिनिटं थांबतात. जिथे गांधी उठते ती मोजतात. रक्त काढत नाहीत, फारसं दुखतही नाही. आधी काही दिवस ॲलर्जीच्या गोळ्या बंद ठेवाव्या लागतात, नाहीतर गांधी उठतच नाही.

तिच्या हातावर दोन मोठ्या गांधी उठल्या. सगळ्यात मोठी होती घरातल्या धुळीतल्या किड्यांची. हे किडे डोळ्यांना दिसत नाहीत. गाद्या, उशा, गोधड्या, जाड पडदे हे त्यांचं घर, आणि आपल्या अंगावरून गळणारा कातडीचा भुगा हे त्यांचं अन्न. दुसरी गांधी होती कुत्र्याची. पहिलीपेक्षा लहान, पण स्पष्ट.

धाकटीचा चेहरा पडला. डॉक्टरांच्या ते लक्षात आलं. त्यांनी तिला समजावलं की चूक कुत्र्याची नाही आणि तुझीही नाही. आपल्या शरीरात रोगजंतूंशी लढणारी एक फौज असते. कधीकधी ती ओळखायला चुकते आणि निरुपद्रवी वस्तूला शत्रू समजून तिच्यावर तुटून पडते. त्या लढाईत आपल्याच श्वासनळ्या सुजतात. त्यालाच ॲलर्जी म्हणतात. एक वर्ष काही झालं नाही, मग आताच कसं झालं, असं मी विचारलं. ते म्हणाले, असंच होतं. शरीर त्या पदार्थाच्या संपर्कात वारंवार येतं तेव्हा हळूहळू ही गैरसमजूत तयार होते. मिरचीचं वेगळं आहे. मिरचीचा खाट कोणाच्याही नाका-घशाला झोंबतो, तो ॲलर्जी नसलेल्यालाही खोकायला लावतो. ज्याच्या नळ्या आधीच सुजलेल्या आहेत त्याला तो जास्त छळतो, एवढंच.

मग मला बऱ्याच गोष्टी नव्याने कळल्या. आपण समजतो की कुत्र्याच्या केसांची ॲलर्जी असते. तसं नाही. त्रास देणारी प्रथिनं कुत्र्याच्या लाळेत, कातडीच्या कोंड्यात आणि लघवीत असतात. केस फक्त ती वाहून नेतात. कोंडा इतका हलका असतो की तासन्तास हवेत तरंगतो आणि कपड्यांना चिकटून, कधी कुत्रा पाळलेलाच नाही अशा घरांत आणि वर्गांतसुद्धा पोहोचतो. म्हणून कुत्र्याचे केस भादरून उपयोग नाही. आठवड्यातून दोनदा अंघोळ घातली तर त्याच्या अंगावरचं प्रमाण उतरतं, पण काही दिवसांत पुन्हा वाढतं.

शहरात आता झुबकेदार केसांची महागडी पिल्लं विकायला येतात. विकणारे सांगतात, या जातीची ॲलर्जी होत नाही. ही समजूत जगभर आहे. बराक ओबामा अमेरिकेचे अध्यक्ष झाले तेव्हा त्यांच्या थोरल्या मुलीला, मालियाला, ॲलर्जी होती. म्हणून २००९ मध्ये त्यांनी व्हाइट हाऊसमध्ये पोर्तुगीज वॉटर डॉग जातीचा 'बो' आणला. केस कमी गळतात म्हणून ही जात सोयीची मानली जाते. पण अमेरिकेतल्याच संशोधकांनी २०११ मध्ये अशा जातींचे आणि इतर कुत्र्यांचे मालक राहतात त्या घरांतली धूळ तपासली, तेव्हा ॲलर्जी करणाऱ्या प्रथिनाच्या प्रमाणात त्यांना फरक आढळला नाही. माणसागणिक आणि कुत्र्यागणिक त्रास कमी-जास्त होतो हे खरं, पण जातीवर भरवसा ठेवून पैसे घालवू नका.

याच्या उलट बोलणारेही भेटले. कुत्र्यांवर जीव असलेले लोक. ते म्हणाले, सवयीने जाईल, उलट कुत्रा असला की मुलं घट्ट होतात. यात थोडं तथ्य आहे. स्वीडनमध्ये लाखो मुलांच्या नोंदी तपासून २०१५ मध्ये असं आढळलं होतं की जन्मानंतरच्या पहिल्या वर्षात घरात कुत्रा असलेल्या मुलांना पुढे दमा होण्याचं प्रमाण थोडं कमी असतं. पण तो अभ्यास तान्ह्या वयातल्या सहवासाबद्दल होता. ज्या मुलाला ॲलर्जी झालेलीच आहे, त्याच्या उशाशी कुत्रा झोपवला की ते बरं होतं, असं त्यातून निघत नाही. प्रेमाने सगळं ठीक होतं हे बोलायला सोपं आहे. रात्री दोन वाजता लेकराच्या बरगड्या आत ओढल्या जाताना बघितल्यावर ते बोलवत नाही.

आता फरिश्त्यांच्या प्रश्नाकडे येते.

कुत्र्याबद्दल आपल्या दीनमध्ये काय आहे, हे लपवायचं कारण नाही. फरिश्त्यांबद्दलची हदीस आहे. शिकार, जनावरं आणि शेती यांच्या राखणीसाठी कुत्रा ठेवायला सवलत आहे आणि नुसत्या हौसेसाठी ठेवू नये असं सांगितलं आहे, हेही आहे. भांडं चाटलं तर ते सात वेळा धुण्याचा हुकूम आहे. पण याच हदीसच्या किताबांत तहानेने चिखल चाटणाऱ्या कुत्र्याला विहिरीत उतरून पाणी आणून पाजणाऱ्या माणसाची गोष्ट आहे, आणि त्या एका कामासाठी त्याला माफी मिळाली असं सांगितलं आहे. फिकहमध्येही मतं वेगळी आहेत. कोकणातले आपले भाऊ शाफई आहेत, त्यांच्याकडे कुत्र्याचं सगळं अंग नापाक. आम्ही खानदेशातले बहुतेक हनफी, आमच्याकडे लाळ नापाक, पण कोरडं अंग कपड्याला लागलं तर कपडा नापाक होत नाही. इमाम मालिक तर कुत्र्याला पाकच मानत. कोणी काय पाळावं हे ज्याने त्याने आपल्या आलिमला विचारावं. मी आलिम नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की हा खटला वेगळ्या कोर्टातला आहे. कुत्रा घरात ठेवावा की नाही, हा दीनचा प्रश्न असेल तर मुलगी ठणठणीत असतानाही तो तेवढाच प्रश्न होता. आणि मुलीला दमा का झाला, हा डॉक्टरांचा प्रश्न आहे. एका प्रश्नाचं उत्तर घेऊन दुसऱ्याला मारायचं नसतं. ज्यांनी आयुष्यात कुत्र्याला हात लावला नाही अशा परहेजगार घरांतली मुलंही दम्याने खोकतात. माझ्याच वर्गात आहेत. त्यांचे फरिश्ते कोणी पळवले? आजाराला शिक्षा म्हटलं की दोन नुकसानं होतात. लेकराच्या मनात अपराध भरतो, आणि घरातले उपचाराऐवजी तौबा करत बसतात. तौबा रोज करावी, पण ती पंपाच्या जागी नाही.

दुसरीकडे, चाचणीत कुत्रा सापडला म्हणून सासूबाई जिंकल्या असंही मी मानत नाही. त्यांचं उत्तर योगायोगाने अर्धं जुळलं. त्यांचं ऐकून आम्ही मोतीला त्याच दिवशी हाकललं असतं, तर गोधड्यांतले किडे तसेच राहिले असते, लोबान तसाच राहिला असता, पंप कपाटातच पडून राहिला असता. आणि मुलगी खोकत राहिली असती.

आम्ही काय केलं ते सांगते. सगळ्यात आधी पंप सुरू केला, स्पेसर लावून, रोज, डॉक्टरांनी सांगितला तसा. खाटेवरची जुनी गादी काढली. चादरी आणि उशांचे अभ्रे दर आठवड्याला कडक गरम पाण्यात धुऊ लागलो. झाडू मारण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसायला लागलो. लोबान बंद केला. यावर दोन दिवस अबोला झाला, मग सासूबाईंनीच धुपाटणं माळ्यावर ठेवलं. मोती अंगणात परत गेला. आम्हाला वाटलं, एवढ्यावर भागेल. त्रास खूप कमी झाला, पण धाकटी त्याला मिठी मारल्याशिवाय राहत नव्हती, आणि दर मिठीनंतर डोळे लाल आणि छातीत शिट्टी. अंगण आणि घर यांत फक्त एक उंबरा असतो. अकरा वर्षांच्या पोरीला आणि दीड वर्षाच्या कुत्र्याला तो उंबरा पाळायला लावणं आम्हाला जमलं नाही.

तीन महिन्यांनी निर्णय घेतला. रस्त्यावर सोडायचं नाही हे पक्कं होतं. घरात वाढलेला कुत्रा रस्त्यावर सोडणं हा जुलूम आहे आणि त्याचा जाब आपल्याला द्यावा लागेल. शाळेतल्या एका सहकाऱ्याची शहराबाहेर शेती आहे, तिथे सालदार कुटुंब राहतं. मोती तिकडे गेला. शेताच्या राखणीला, म्हणजे दीनच्या दृष्टीनेही हरकत नसलेल्या कामाला. निर्णय आम्ही धाकटीला सांगून, तिच्याशी बोलून घेतला. ती रडली. मीही रडले, हेही लिहिते. दुसऱ्या कोणावर अशी वेळ आली तर एक गोष्ट लक्षात ठेवा. कुत्रा गेला की दुसऱ्या दिवशी श्वास मोकळा होत नाही. त्याचा कोंडा गाद्यांत, पडद्यांत आठवडे, कधी महिने टिकतो. हे माहीत नसलं की लोक आठ दिवसांत म्हणतात, कुत्रा उगाच घालवला.

आज धाकटी बरी आहे, पण दमा गेलेला नाही. तो आटोक्यात आहे. त्याचं श्रेय मी आधी पंपाला देते, मग धुतलेल्या चादरींना, मग मोतीच्या जाण्याला. याच क्रमाने. पंपातलं औषध थेट नळ्यांत जातं, म्हणून गोळीच्या मानाने फार कमी मात्रा पुरते. त्याचं व्यसन लागत नाही. चष्म्याचं व्यसन लागतं का? २०१९ च्या जागतिक आजारांच्या अभ्यासाप्रमाणे जगातल्या दम्याच्या रुग्णांपैकी साधारण १३ टक्के भारतात आहेत, पण दम्याने होणाऱ्या मृत्यूंत आपला वाटा ४० टक्क्यांहून जास्त आहे. आजार तोच, औषध तेच, तरी आपल्याकडे माणसं जास्त जातात. त्याची कारणं अनेक असतील, पण कपाटात लपवलेला पंप त्यांतलं एक नक्की आहे. मी स्वतः तो लपवला होता.

शिक्षक म्हणूनही एक सांगते. पालक दप्तरात पंप लपवून देतात आणि पोराला बजावतात, कोणाला सांगू नको. कृपा करून वर्गशिक्षकांना सांगा. पोराला धाप लागली की त्याला झोपवायचं नसतं, बसवायचं असतं, आणि त्याचा पंप त्याला लगेच द्यायचा असतो. हे माहीत असलेलं एक माणूस त्याच्याजवळ असायला हवं. आणि घरात कुत्रा, मांजर, कबुतरं असतील आणि मूल खोकत असेल, तर आधी पंधरा दिवसांची वही ठेवा. कधी खोकला, कुठे होतं, काय झाडलं, काय जाळलं. मग डॉक्टरांकडे जा. चाचणीचा नुसता कागद निर्णय देत नाही. हातावर गांधी उठली तरी प्रत्यक्षात त्रास होतोच असं नसतं. कागद आणि वही जुळली, तरच त्या जनावराबद्दल ठरवा.

धाकटीच्या प्रश्नाचं उत्तर मी बरेच दिवसांनी दिलं. एका जुम्म्याला आम्ही दोघी सूरे कहफ वाचत होतो. तरुणांची ती गोष्ट आली, जे आपला ईमान वाचवायला गुहेत गेले आणि वर्षानुवर्षं झोपले. त्यांच्याबरोबर त्यांचा कुत्राही होता. मी तिला तर्जुमा वाचून दाखवला. कुत्रा कुठे होता? गुहेच्या उंबऱ्यावर, पुढचे पाय पसरून. अल्लाहने त्या नेक माणसांची गोष्ट सांगताना त्यालाही वगळलं नाही. मी म्हटलं, बेटा, तुझा श्वास कोणाच्या रागाने अडत नाही. तुझ्या नळ्या नाजूक आहेत, त्यांचं औषध आहे, ते तू घेतेस. मोतीने तुझं काही बिघडवलं नाही, आणि तू मोतीला पावसातून उचलून आणलंस ते चांगलंच काम होतं.

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग तिने विचारलं, "मग रविवारी शेतावर जायचं?"

आम्ही महिन्यातून एकदा जातो. पंप बरोबर असतो. ती त्याला लांबून भाकरी टाकते, तो धावत येतो, ती दोन पावलं मागे सरकते. आल्यावर अंघोळ, कपडे थेट धुवायला. गेल्या वेळी सासूबाईही आल्या होत्या. शेताच्या बांधावर बसल्या बसल्या त्यांनी भाकरीचा तुकडा मोडून मोतीकडे टाकला, आणि मी बघितलं हे कळल्यावर पदर सारखा करत म्हणाल्या, "वाळला आहे ग तो. यांना सांग, नीट खायला घालत जा म्हणावं."